वायुदूत काऊन बंद पडली?

“साहेब, बेलोऱ्याले इमान सुरू झालं म्हणते. आपली स्ट्रॉबेरी मुंबईले जाईन काय त्यातनं?”

मोथ्याच्या एका शेतकऱ्याने बांधावर उभं राहून मला हा प्रश्न विचारला. हातात तोडलेल्या फळांची टोपली, समोर अर्धा एकर स्ट्रॉबेरी. मी कृषी विस्ताराचा माणूस. ठिबक, मल्चिंग, करपा यावर विचारा, उत्तर तयार असतं. विमानावर काय बोलायचं? तरी जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. केंद्राची कृषी उडान म्हणून योजना आहे, नाशवंत मालाला विमानात जागा मिळावी असा तिचा हेतू आहे, पण बेलोऱ्याला येणारं विमान प्रवाशांचं आहे, पोटात सामानाची जागा थोडीच असते, वगैरे. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच उलट प्रश्न केला, “आन् बंद पडलं तर?”

हा प्रश्न त्याला सुचला यामागे कारण होतं. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने आमच्या भागात थंड गाडी सुरू केली होती. पहिल्या दिवशी नारळ फोडले, फोटो निघाले. दोन आठवडे गाडी वेळेवर आली. त्या भरवशावर या गड्याने परतवाड्याच्या रोजच्या व्यापाऱ्याला माल देणं बंद केलं. तिसऱ्या आठवड्यात गाडी एक दिवस आली नाही, मग तीन दिवस आली नाही, मग आलीच नाही. क्रेटमधली फळं पाणी सोडू लागली. जुन्या व्यापाऱ्याकडे परत गेला तर त्याने भाव पाडला. बरं, गाडी आणण्यासाठी धावपळ करणाऱ्यांत मीही होतो. त्या क्रेटकडे पाहताना मान वर होत नव्हती.

म्हणून “बंद पडलं तर” हा प्रश्न मी मनावर घेतला. आपल्या देशात आडगावांना विमान देण्याचा प्रयत्न काही आज पहिल्यांदा होत नाही. चाळीस वर्षांपूर्वी एक अख्खी सरकारी कंपनी त्याच कामासाठी काढली होती. तिचं नाव वायुदूत. आज तिशीतल्या माणसाला हे नाव माहीत नसतं. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना मात्र रेडिओवरच्या बातम्यांतून आठवत असेल.

वायुदूत जानेवारी १९८१ मध्ये निघाली. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्यांनी मिळून ती उभी केली. पहिलं काम ईशान्य भारताचं. तिथल्या डोंगरी राज्यांत रस्ता म्हणजे दिवसभराची वणवण, पावसाळ्यात तर तोही बंद. दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या धावपट्ट्या मात्र जागोजाग पडून होत्या. त्या वापरात आणायच्या, लहान विमानं उडवायची, आणि तोटा सरकारने सोसायचा, असा सरळ हिशेब होता. मला यात काही चूक दिसत नाही. मेळघाटात हतरू, काटकुंभ, चुर्णीकडे पावसाळ्यात जाऊन आलेल्या माणसाला तर अजिबात दिसणार नाही. दुर्गम भागात दवाखाना जसा नफ्यासाठी काढत नाहीत, तशीच ही सेवा.

सुरुवातीला दुसऱ्यांकडची जुनी फोकर आणि अव्रो विमानं वापरली. मग डॉर्नियर आलं. मूळ जर्मन बनावटीचं, आणि पुढे परवाना घेऊन कानपूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेलं. १९ जागांचं, दोन पंख्यांचं, आखूड धावपट्टीवर उतरणारं. आपल्या एस.टी.च्या निम्म्या गाडीएवढी माणसं. आडगावासाठी याहून सोयीचं विमान तेव्हा नव्हतं. फवारणीच्या विमानांचं कामही काही काळ वायुदूतकडे सोपवलेलं होतं, म्हणजे शेतीशीही तिचा थोडा संबंध आला.

इथपर्यंत गोष्ट चांगली आहे. बिघडली ती नंतर. ईशान्येत विमान आलं म्हटल्यावर देशभरातून मागणी सुरू झाली. प्रत्येक खासदाराला आपल्या जिल्ह्यात विमान हवं. मागणी आली की गावाचं नाव यादीत. असं करत करत ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वायुदूतच्या यादीत शंभरावर ठिकाणं झाली. विमानं त्या मानाने वाढली नाहीत. वैमानिक, तंत्रज्ञ, सुटे भाग, तेही नाहीत.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एका विहिरीवर दोन एकर भिजतं. त्यावर शेजारीपाजारी, भाऊबंद सगळ्यांचे पाइप जोडले तर काय होते? कोणाचंच भिजत नाही. विहिरीत पाणी नव्हतं असं नाही, ते वाटून वाटून मातीत मुरलं. वायुदूतचं तेच झालं. आज विमान या गावी, उद्या त्या गावी. एखादं बिघडलं की चार ठिकाणच्या फेऱ्या रद्द. प्रवासी दोनदा विमानतळावरून परत गेला की तिसऱ्यांदा तो रात्रीच्या रेल्वेचं तिकीट काढतो. मग विमान येतं, पण रिकामं येतं. रिकामं येतं म्हणून तोटा वाढतो, तोटा वाढतो म्हणून दुरुस्ती लांबते, दुरुस्ती लांबते म्हणून पुन्हा फेरी रद्द.

यात आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. १९ जागांचं विमान उडवायला दोन वैमानिक लागतात, आणि १५० जागांचं उडवायलाही दोनच. उतरल्यावर धावपट्टीवर अग्निशमनाची गाडी दोघांनाही लागते. म्हणजे माणशी खर्च लहान विमानात जास्तच पडणार. एका एकरासाठी ट्रॅक्टर विकत घेतल्यासारखं आहे ते. तिकीट मात्र जास्त ठेवता येत नाही, कारण छोट्या गावात परवडणारे प्रवासी कमी. मधला फरक कोणी तरी भरलाच पाहिजे. ईशान्येत तो सरकारने भरायचा असं आधीच ठरलं होतं. बाकीच्या ठिकाणांचं असं पक्कं काहीच ठरलेलं नव्हतं. विमान आधी सुरू झालं, हिशेब मागून.

त्यातच अपघात झाले. १९ ऑक्टोबर १९८८ ला गुवाहाटीजवळ वायुदूतचं फोकर विमान पडलं, ३४ माणसं गेली. पुढच्याच वर्षी, २३ सप्टेंबर १९८९ ला, पुण्याहून हैदराबादला निघालेलं डॉर्नियर इंदापूरजवळ उजनी धरणाच्या पाण्यात कोसळलं. ११ जण दगावले. लोकांचा आधीच डळमळलेला विश्वास आणखी खचला. शेवटी १९९३ मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन केली. काही वर्षांत नावही पुसलं गेलं.

बारा वर्षांचं आयुष्य. आंब्याचं कलम बारा वर्षांत कुठे भरात येतं.

आता आपल्याकडचं पाहा. अमरावतीजवळ बेलोऱ्याची धावपट्टी झाली ती नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे वायुदूत शेवटच्या घटका मोजत होती त्याच सुमारास. पुढची तीसेक वर्षं तिथे पुढाऱ्यांची लहान विमानं सोडली तर सामान्य माणसासाठी काही उतरलं नाही. धावपट्टी वाढवायची, जमीन घ्यायची, रस्ता वळवायचा, अशा बातम्या आपण वाचत आलो. अखेर १६ एप्रिल २०२५ ला अलायन्स एअरचं मुंबईचं विमान उतरलं. धावपट्टी १,८५० मीटर, विमान ए.टी.आर. ७२, सुरुवात आठवड्यातून तीन दिवस. अलायन्स एअर ही आजही सरकारी कंपनी आहे. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली, पण अलायन्स सरकारकडेच ठेवली. आणि गंमत अशी की याच कंपनीने एप्रिल २०२२ पासून अरुणाचलात कानपूरचं डॉर्नियर पुन्हा उडवायला सुरुवात केली. वायुदूतचंच काम, दुसऱ्या नावाने.

मधल्या काळात दुसऱ्यांनीही करून पाहिलं. कॅप्टन गोपीनाथ हे नाव शेतकऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. फौजेतून निवृत्त होऊन या माणसाने कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात शेती केली, रेशीम केलं, आणि मग २००३ मध्ये एअर डेक्कन काढून स्वस्त तिकिटात लहान शहरांना विमान दिलं. ती कंपनी पुढे किंगफिशरमध्ये मिसळली आणि किंगफिशर २०१२ मध्ये बसली. त्यांनीच डिसेंबर २०१७ मध्ये १९ जागांचं विमान घेऊन मुंबई-जळगाव सुरू केलं. जळगावच्या केळीवाल्यांना, व्यापाऱ्यांना आनंद झाला. पण मुंबईत उतरायला सोयीची वेळ मिळेना. मोठ्या कंपन्यांच्या गर्दीत १९ जागांच्या विमानाला कोण जागा देतो? फेऱ्या तुटत गेल्या आणि २०२० मध्ये कंपनीच थांबली. हैदराबादच्या ट्रूजेटने २७ एप्रिल २०१७ ला, उडान योजनेच्या अगदी पहिल्या दिवशी, नांदेड धरलं. पुढे २०१९ मध्ये जळगावही घेतलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तीही बसली. २०२४ मध्ये दोन्ही शहरांना दुसऱ्या कंपन्यांनी पुन्हा विमान दिलं हे खरं, पण मधल्या काळात ज्यांनी विमानाच्या भरवशावर धंदा बांधला त्यांचं काय झालं असेल?

उडानची रचना आपण नीट समजून घेतली पाहिजे, कारण बेलोऱ्याचं भवितव्य त्यातच अडकलेलं आहे. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांचं तिकीट अडीच हजारांच्या आसपास बांधून दिलं. कंपनीला जो तोटा येईल त्याची भरपाई सरकार करतं, त्यात राज्याचा वाटा २० टक्के. दुधाच्या लिटरमागे अनुदान मिळतं तसंच समजा. पण हे अनुदान तीन वर्षांचं. तीन वर्षांत मार्ग आपल्या पायावर उभा राहील असं गृहीत धरलेलं आहे.

राहतो का? देशाच्या महालेखापालांनी २०२३ च्या अहवालात याचा हिशेब मांडला आहे. तपासलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातल्या फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली. आणि मार्च २०२३ पर्यंत, अनुदान संपल्यावर टिकून राहिलेले मार्ग ५४. पेरलेल्या १०० दाण्यांपैकी सात उगवले तर आपण बियाण्याच्या दुकानदाराला सोडतो काय? तरी २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी १२० ठिकाणांची घोषणा झाली. मला वायुदूतची ती वाढत जाणारी यादी आठवली.

आमच्या भागातला वाचक म्हणेल, “भाऊ, आमच्या गावात एस.टी. येत नाही आणि तू विमानाचं काय घेऊन बसला?” बरोबर आहे. माझ्या सज्जातल्या शंभरातले नव्वद लोक विमानात कधी बसणार नाहीत. कोरकू कुटुंब कामाच्या शोधात डोंगर उतरतं ते पायी, टेम्पोत किंवा एस.टी.त. पण मी लिहितो आहे ते यासाठीच की विमान, रेल्वे आणि एस.टी. यांची मरणाची रीत एकच आहे. आपली शकुंतला आठवा. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठी घातलेला अरुंद रूळ, मालकी खाजगी कंपनीची, चालवायची रेल्वेने. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं. रुळांची दुरुस्ती कोणी करायची यावर वाद, म्हणून वेग कमी केला. वेग कमी झाला म्हणून माणसं सायकलवर पुढे जाऊ लागली. माणसं कमी झाली म्हणून फेऱ्या कमी केल्या. मग म्हणाले, प्रवासीच नाहीत. एखाद्या वाडीच्या मुक्कामी एस.टी.चंही असंच होतं. आधी वेळ बदलते, मग रविवारी येत नाही, मग शाळेला सुटी म्हणून येत नाही, मग “उत्पन्न नाही” असा शेरा पडतो. उत्पन्न कुठून येईल? माणूस रस्त्यावर दोन तास उभा राहून काळीपिवळीत बसून गेला.

माझं मत असं आहे की आडगावची सेवा तोट्याने मरत नाही. तोटा तर पहिल्या दिवसापासून ठरलेलाच असतो. ती मरते अनियमितपणाने. वायुदूतने शंभर ठिकाणांऐवजी पंचवीसच ठिकाणं धरली असती, पण घड्याळ लावून उडवली असती, तर आज ती जिवंत असती असं मला वाटतं. कोणी म्हणेल हा विमानखात्याचा विषय, तुम्हाला काय कळतं. असेलही. पण दूध संकलनाची गाडी रोज सकाळी सहाला आली की गावात म्हशी वाढतात आणि कधी सहाला कधी नऊला आली की म्हशी विकल्या जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

परदेशात हा प्रश्न कसा सोडवला तेही पाहावं. अमेरिकेत १९७८ मध्ये विमानधंदा मोकळा केला, तेव्हाच छोट्या गावांची सेवा तुटू नये म्हणून अनुदानाची तरतूद केली. ती आजही चालू आहे. नॉर्वेत डोंगर आणि खाड्यांमधल्या गावांना आठशे मीटरच्या धावपट्टीवर विमान उतरतं. सरकार निविदा काढतं, फेऱ्या किती, वेळ कोणती, हे ठरवून देतं आणि तेवढे पैसे मोजतं. श्रीमंत देश आहेत, त्यांची बरोबरी नको. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे कोणी असं धरून चाललं नाही की तीन वर्षांत डोंगर सपाट होईल आणि विमान फायद्यात येईल.

मग बेलोऱ्याचं काय? मला ते विमान टिकायला हवं आहे. वरूड-मोर्शीचा संत्रा व्यापारी, अमरावतीचा कापडवाला, मुंबईला उपचारासाठी जाणारा पेशंट, सुटीत चिखलदऱ्याला येणारा पर्यटक, या सगळ्यांच्या पायाने ते भरू शकतं. आमचा स्कायवॉक होईल तेव्हा होईल, पण पर्यटक मुंबईहून दीड-दोन तासांत बेलोऱ्याला उतरला आणि पुढे त्याला गाडीच मिळाली नाही तर? बेलोऱ्यातून अमरावती, तिथून परतवाडा, तिथून घाट चढून चिखलदरा, शंभर किलोमीटरच्या घरात जातं. विमानाच्या वेळेला जोडून एक एस.टी. असावी, एवढी साधी गोष्ट. ती बस विमान नसलेल्या दिवशीही धावली तर वाटेवरच्या गावकऱ्यांना उपयोगी, आणि विमान असलेल्या दिवशी पर्यटकाला. दोघांच्या तिकिटावर ती उभी राहील.

ग्रामपंचायतींना माझी विनंती अशी. आजकाल ठराव येतात ते मोठमोठे. परवा एका सभेत कोणी तरी चिखलदऱ्याला हेलिपॅडची नियमित सेवा मागा म्हणून उठलं. टाळ्याही पडल्या. नका मागू बाप्पा! ज्या दिवशी ते मिळेल त्या दिवशी बेलोऱ्याच्या विहिरीला आणखी एक पाइप लागेल. त्यापेक्षा ठराव असा करा की बेलोऱ्याची फेरी किती दिवस झाली आणि किती रद्द झाली याचा आकडा दर महिन्याला जिल्हा नियोजन समितीसमोर ठेवावा. आणि तीन वर्षांची मुदत एप्रिल २०२८ ला भरते, तिच्यापुढे पैसे कोण देणार, राज्य की केंद्र, हे आजच लेखी विचारावं. मुदत संपल्यावर मोर्चा काढून उपयोग नाही. शकुंतलेसाठी मोर्चे कमी निघाले काय?

सरपंच मंडळींनी एस.टी.च्या बाबतीतही हेच करावं. मुक्कामी गाडी येणाऱ्या गावात ग्रामपंचायतीत एक वही ठेवायची. गाडी कोणत्या दिवशी किती वाजता आली, आली नाही तर तसं, एवढंच लिहायचं. ग्रामसेवकाला हे जड नाही, शाळेतला पोरगाही लिहील. आगाराचा अधिकारी “उत्पन्न नाही” म्हणाला की वही पुढे करायची. एका गावाने माझ्या सांगण्यावरून चार महिने अशी वही ठेवली. त्यातून दिसलं की सोमवारी, बाजाराच्या दिवशीच, गाडी सगळ्यात जास्त चुकत होती. ज्या दिवशी भरणार त्याच दिवशी नाही! वही दाखवल्यावर सोमवार सुधारला. बाकीचे दिवस अजून तसेच आहेत, खोटं कशाला सांगू.

स्ट्रॉबेरीचं म्हणाल तर त्या मोथ्याच्या शेतकऱ्याला मी परत जाऊन सांगितलं, की परतवाड्याचा व्यापारी सोडू नको. चिखलदऱ्याच्या रस्त्यावर पर्यटकाला टोपलीने विकतोस तेही सोडू नको. विमानाने माल पाठवायचाच झाला तर चार-पाच जणांनी मिळून आठवड्याला वीस-पंचवीस किलोपासून सुरू करा, तेही विमान सलग एक हंगाम वेळेवर आलेलं पाहून. डब्यातली भरणी, थंडावा, मुंबईत उतरवून घेणारा माणूस, हे आधी ठरवा. तो म्हणाला, “म्हणजे औंदा नाई.”

औंदा नाही. तोपर्यंत त्याच्या पोराने मोबाइलवर रोज पाहून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायला सुरुवात केली आहे. विमान आलं तर बरोबर, नाही आलं तर फुली. मी पाहिलं तेव्हा त्या पानावर तीन फुल्या होत्या.